आडनावानंतर गाणं

घाबरणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. ब्रिस्टलच्या उत्तरेला विमानांचे पंख करणाऱ्या एका कंपनीत मी कुठला जोड किती भार सोसेल याची गणितं करतो. पंखाला तडा कुठे जाईल, कधी जाईल आणि गेला तर किती काळ कुणाच्या लक्षात येणार नाही, हे तो जाण्याआधी कागदावर शोधून काढायचं. नव्या इंजिनियरांना मी सांगतो की या खात्यात भित्रा माणूसच टिकतो. ते हसतात. मी विनोद करत नसतो.

पण घरची भीती निराळी. ती मी चौथीत असताना सुरू झाली. पुण्यात आम्ही एका खोलीत राहत होतो आणि वडील जरा मोठी जागा शोधत होते. टेलिफोन खात्यात कारकून, पगार वेळेवर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. घरमालक खूश व्हायचे, चहा मागवायचे आणि मग आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की ती जागा नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. वडिलांनी शेवटी राजपत्रात रीतसर जाहिरात देऊन आडनाव बदललं. गावाच्या नावाला 'कर' लावला आणि झालं. नव्या आडनावावर महिन्याभरात दोन खोल्या मिळाल्या. बाहेरच्या खोलीत डोंगर-नदीचं कॅलेंडर लागलं. आतल्या खोलीत निळ्या कोटातला तो फोटो लागला, ज्यांच्यामुळे आमच्या घरात अक्षर शिरलं त्यांचा. पाहुणे आले की आतलं दार लोटायचं काम माझ्याकडे होतं.

तेव्हापासून मला एकच भीती आहे. कळेल. आमची जात कळेल. घरात कुणी एवढा लांबलचक उच्चार करायचं नाही. आई नुसतं "कळेल हं" म्हणायची आणि मी गप्प बसायचो.

वाटलं होतं, देश सोडला की हे संपेल. इंग्रजांना माझं आडनाव धड म्हणता येत नाही, त्यांना त्यातून काय डोंबल कळणार? पण ब्रिस्टलमध्ये मराठी माणसं भेटली, आणि पहिल्याच घरी, अंगातला कोट काढायच्या आत, प्रश्न आला, "म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" मी तयारीतच होतो. गावाचं नाव सांगायचं आणि श्वास न घेता उलटा प्रश्न टाकायचा, "आणि तुम्ही?" माणसाला त्याच्या गावाबद्दल बोलायला लावलं की तो तुमचं विसरतो. मी अठरा वर्षं असा उलटा प्रश्न टाकत आलो आणि अठरा वर्षं तो लागू पडला.

इथल्या मराठी मंडळात मी सूत्रसंचालक. आवाज बरा आहे. शिवाय आमच्या मंडळाचा नियम असा की माइकवरून इंग्रजी शब्द जाता कामा नये, त्यामुळे उमेदवारही कमी. कार्यक्रम संपला की कुणीतरी म्हणायचंच, "किती शुद्ध बोलता! घरचे संस्कार दिसतात." मी हात जोडून हसायचो आणि पाठीला घाम फुटायचा. गणपतीत आरतीला मी पुढे असायचो. वडिलांनी जन्मात ज्याला हात जोडले नाहीत त्याला मी जोडले, आणि तेही घाबरून. फोटोतले ते लंडनला शिकताना ज्या घरात राहिले, त्या कॅमडेनमधल्या घरी मी दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा मंडळात सांगितलं की ऑफिसची मीटिंग आहे. याची मला लाज वाटते. लिहायला बसलोच आहे तर ती लपवून काय करू?

आमची मुलगी इथलीच, सतरा वर्षांची. बायकोने तिला भरतनाट्यमला घातलं, सहा महिन्यांत तिने ते सोडलं. तेराव्या वर्षी तिला लेझर सेंटरच्या, म्हणजे इथल्या सार्वजनिक व्यायामशाळेच्या, मागच्या खोलीत ब्रेकिंगचा वर्ग सापडला. ब्रेकिंग म्हणजे हिपहॉपवाल्यांचा तो नाच, ज्यात पोरं पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर गरगर फिरतात आणि मधेच उलटीपालटी होऊन जागच्या जागी थिजतात. त्या थिजण्याला फ्रीझ म्हणतात. तिला पहिल्यांदा डोक्यावर उभी पाहिलं तेव्हा मी मनातल्या मनात तिच्या मानेवरचा भार काढला. आकडा बायकोला सांगितला नाही.

शिकवणारा साठी ओलांडलेला माणूस. दिवसा त्याच लेझर सेंटरचा केअरटेकर, संध्याकाळी गुरू. उंचीने माझ्याएवढा, रंगानेही साधारण मीच. गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे स्वतः करून दाखवणं बंद. मग तो टेबलावर पंजाने दाखवायचा. दोन बोटं म्हणजे पाय, अंगठा म्हणजे हात, आणि मनगट गर्रकन फिरवलं की पोरांना बरोबर कळायचं. जन्म न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा, आईवडील पोर्तो रिकोहून आलेले. तरुणपणी एका नाचाच्या टूरबरोबर ब्रिस्टलला आला, इथल्या नर्सच्या प्रेमात पडला आणि इथलाच झाला. मुलगी त्याला नावाने हाक मारायची. मी सर म्हणायचो आणि तो दर वेळी मागे वळून बघायचा की आणखी कुणी आलंय का.

एकदा मी तिला न्यायला गेलो होतो. ती कपडे बदलत होती आणि तो कार पार्कच्या दारात माझ्याशी बोलत उभा राहिला. त्याच्या लहानपणी एकाच इमारतीत काळी कुटुंबं आणि पोर्तो रिकन कुटुंबं राहायची. खाली मोकळ्या जागेत रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून वीज ओढून स्पीकर लावायचे. रेकॉर्डमध्ये गाणारा गप्प होतो आणि नुसते ड्रम, काँगा, बाँगो वाजत राहतात तो तुकडा म्हणजे ब्रेक, आणि त्या तुकड्यावर नाचायचं. "ते काँगा आमच्या मामाच्या घरात होते," तो म्हणाला. "लग्नाला वाजायचे."

नाच काळ्या पोरांनी सुरू केला, हे तो सगळ्यात आधी सांगायचा. त्याला कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. पण पुढे ती मोठी पोरं दुसऱ्या नाचांकडे वळली तेव्हा ज्यांनी हा सोडला नाही आणि जमिनीवरच्या कितीतरी चाली नव्याने बसवल्या, त्यांत त्याच्यासारखी पोर्तो रिकन पोरं खूप होती. भिंती रंगवणारी होती, रेकॉर्ड फिरवणारी होती. सगळ्यांना टोपणनावं. टोपणनावावरून कोण कुठला ते कळत नसे.

"आणि आम्हाला कळू द्यायचंही नव्हतं," तो म्हणाला. "तोंडातून स्पॅनिश निघालं की कुणीतरी विचारणार, तू इथे काय करतोस, हे तुमचं नाही. म्हणून मी घरात बोलायचो आणि खाली आलो की गप्प."

मग कॅमेरे घेऊन लोक आले. त्यातल्या एकाने त्याला विचारलं, तू नेमका कोण? त्याने खरं सांगितलं. त्या माणसाने त्याच्या हातात दिवा दिला, नीट धर म्हणाला आणि शेजारच्या मित्राची मुलाखत घेतली. "त्या फिल्ममध्ये मी आहे," तो म्हणाला. "भिंतीवर माझी सावली पडलीय."

तो हसला. मला हसू येईना. गाडीत बसून दारं लॉक करावीत असं वाटलं. हा मला हे का सांगतोय? याला माझ्यात काय दिसलं? प्रत्यक्षात त्याला काहीच दिसलं नव्हतं. दारात वाट बघणाऱ्या प्रत्येक पालकाला तो हेच सांगतो, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत मी दोनदा चुकीच्या गिअरमध्ये गाडी घातली.

मुलीने सिक्स्थ फॉर्ममधल्या, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या, प्रोजेक्टला हाच विषय घेतला. हिपहॉप घडवण्यात लॅटिनो लोकांनी काय केलं आणि त्यांना त्याचं श्रेय का मिळालं नाही. दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर दुसरं काही बोललं गेलं नाही. जुने फोटो प्रिंट करून ती पोळीच्या डब्याला टेकवून ठेवायची. "बाबा, बघ ना, कोपऱ्यातला हा मुलगा. कॅप्शनमध्ये सगळे आहेत, हा नाही." मी बघायचो. खरंच नसायचा. आणि एका रविवारी तिने वर न बघता विचारलं, "आपला नाव कुठून आला?"

"गावावरून."

"आधीपासून हाच होता?"

"जेव आता. गार होतंय."

तिने पुण्याला आजीला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या आईला ऐंशीव्या वर्षी कुणाचीच भीती उरलेली नाही. तिने सगळं सांगून टाकलं, जुनं आडनाव, कालच दिलेल्या जागा, राजपत्र, सगळं. मुलगी जिन्यावरून खाली आली, माझ्याकडे बघत थोडी थांबली आणि फ्रिजमधून दूध काढलं. मला वाटलं, बरं झालं, विषय संपला. इतकी वर्षं तडे शोधण्यात घालवलेला माणूस मी, आणि मला असं वाटलं!

मंडळाचा गणपती शनिवार-रविवारचा असतो. शनिवारी दुपारी एका प्रायमरी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम आणि रविवारी विसर्जन. सेक्रेटरीबाई दर वर्षी नव्या पिढीला स्टेजवर आणा म्हणून मागे लागतात. बाई म्हणजे आमच्या इथल्या सगळ्यात जवळच्या. आमची मुलगी जन्मली तेव्हा बायकोला पंधरा दिवस डबा त्यांच्याकडूनच होता. त्यांच्या आग्रहामुळे मुलगी यंदा तिचा नाच करायला तयार झाली. गाणं लावायला तिचा गुरू येणार होता.

नियमाप्रमाणे प्रत्येक कार्यक्रमाची ओळख माइकवरून, शुद्ध मराठीत. तिने मला इंग्रजीत मजकूर दिला आणि मी त्याचं मराठी केलं. मन लावून केलं. हा नाच कुठून आला, काळ्या मुलांच्या बरोबरीने पोर्तो रिकोच्या मुलांनी तो कसा जगवला, त्यांची नावं कशी गळली, आणि त्यांच्यातलेच एक गुरू आज आपल्यात आहेत. दोनदा वाचून बघितलं, माझेच डोळे भरून आले. दुसऱ्यावरच्या अन्यायावर मी फार छान लिहितो. जाड कागदावर मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून कार्ड तिच्याकडे दिलं.

शनिवारी तीनच्या सुमाराला, हॉलबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, तिने ते कार्ड माझ्या हातात परत ठेवलं. छापलेल्या मजकुराच्या खाली निळ्या पेनने, वेड्यावाकड्या देवनागरीत, एक ओळ वाढवलेली होती. आजोबांना पण घर मिळायला नाव लपवायला लागला, आमचा खरा नाव आहे, आणि पुढे ते आडनाव.

कॉरिडॉरमध्ये मुलांचे छोटे छोटे कोट टांगायच्या खुंट्या होत्या, त्यातली एक मी धरली.

"हे काय आहे?"

"लास्ट लाईन. तू वाच."

"इथे? वेड लागलंय का तुला?"

"व्हाय नॉट? सरांचा वाचणार तू, मग आपला का नाही?"

"हळू बोल."

"बाबा, हे तुझे फ्रेंड्स आहेत ना? एटीन इयर्स!"

फ्रेंड्स आहेत म्हणूनच, हे तिला कसं सांगणार? परक्या माणसाला कळलं तर काय फरक पडतो. ज्यांच्या घरी आपण जेवतो, ज्यांची मुलं आपल्या घरी झोपायला येतात, त्यांच्या चेहऱ्यावर ते कळल्याचं दिसणं, त्याची भीती असते. मी म्हणालो, घरी बोलू. ती म्हणाली, "लास्ट वर्ड झाला की म्युझिक स्टार्ट होईल. मी ऑलरेडी फ्रीझमध्ये असणार, सो फास्ट वाच." आणि बूट बांधायला खाली बसली.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई आल्या. "चला हो, पुढचा नंबर तुमच्या कन्येचा. अहो, घाम किती आलाय तुम्हाला! हीटिंग लावलंय की काय कुणी?"

मी ठरवलं. छापलेलं सगळं वाचायचं, पेनने लिहिलेलं गाळायचं. शेवटचा शब्द झाला की गाणं लागणार, मग शेवटचा शब्द कुठला का असेना. ती रागावेल, आठवडाभर बोलणार नाही. चालेल. इतकं सोपं होतं ते.

ती स्टेजच्या मधोमध गेली, दोन्ही तळवे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि पाय वर नेले. एक गुडघा दुमडून हवेत थांबली. हॉलमध्ये दीडशे माणसं चिडीचूप झाली. मी वाचायला लागलो. आवाज छान लागला होता, हे आठवून आज मला माझाच राग येतो. पोर्तो रिकोचं नाव आलं तेव्हा कडेच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलेल्या गुरूने ते ओळखलं आणि छातीवर हात ठेवला. "ते गुरू आज आपल्यासमोर आहेत," असं म्हणून मी त्याच्याकडे हात केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी त्याला बसल्या जागेवरून नमस्कार केला. तो गुडघे सावरत उभा राहिला, वाकला, पुन्हा बसला आणि त्याने बोट बटणावर ठेवलं.

मी छापलेली शेवटची ओळ वाचली. "चला तर, पाहू या." माइकपासून एक पाऊल मागे झालो.

गाणं लागलं नाही.

मी त्याच्याकडे बघून हसलो. तोही हसला. मी हाताने खूण केली, करा सुरू. त्याने मान हलवली, हो हो, मी तयार आहे. आणि बोट तसंच बटणावर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला मराठीचा एक शब्दही येत नव्हता. 'शेवटचा शब्द' त्याला कसा कळणार? माझ्या मुलीने त्याला एकच मराठी शब्द शिकवला होता, आमचं जुनं आडनाव. आठवडाभर लेझर सेंटरच्या मागच्या खोलीत त्याच्याकडून घोकून घेतलं असणार. तो ऐकू आला की बटण दाबायचं. तो त्याचीच वाट बघत होता.

माझी मुलगी डोक्यावर उभी होती. पाच सेकंद, दहा सेकंद. मला आपोआप आकडे दिसायला लागले. कपाळावर किती, उजव्या तळव्यावर किती, डाव्यावर किती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि उलट्या चेहऱ्यातले डोळे माझ्यावर होते. कुणीतरी खोकलं. सेक्रेटरीबाई मागून पुटपुटल्या, "काय झालं? अडकलं का काही?" तिचा उजवा कोपर थरथरायला लागला. मग तो बाहेर सरकला, बोटभरच, आणि सगळा भार एकदम मानेवर आला. मान वळली. मी ते वळणं बघितलं.

आज विचार केला की वाटतं, नुसतं "प्ले" म्हणायचं होतं. इंग्रजीतला एक शब्द. मंडळाचा नियम मोडला असता, फार तर पाच पौंडांचा चहा पाजावा लागला असता. पण तो शब्द मला सुचलाच नाही. डोक्यात एकच शब्द होता, जो मी चाळीस वर्षं तोंडाजवळ येऊ दिला नव्हता. मी माइककडे धावलो आणि ते आडनाव म्हणालो. मोठ्याने म्हणालो, ओरडलोच. ते मी इथे लिहीत नाही. तेव्हा म्हटलं ते मुलीच्या मानेपायी. लिहायला हात अजून धजत नाही, आणि तो धजत नाही हेही खरं आहे, म्हणून सांगतो.

गाणं लागलं. काँगा वाजले. ती कोपरावरून घसरत खाली आली, तीच घसरण तिने गिरकीत मिसळली आणि लोकांनी ओरडून दाद दिली. लोक म्हणतात फार सुंदर नाचली. मी बघितलं नाही. मी प्रेक्षक बघत होतो. तिसऱ्या रांगेत एक डोकं दुसऱ्या डोक्याकडे झुकलं. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनीही माझ्याकडे. बायको पाचव्या रांगेत होती. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

नंतर चहाच्या टेबलाशी, ते आडनाव कुणाचं हे मुलीने भेटेल त्याला सांगून टाकल्यावरही, सगळे नेहमीसारखेच होते. फार नेहमीसारखे. सेक्रेटरीबाईंनी मुलीच्या गालावरून हात फिरवला, मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही हं. तुम्ही आपलं उगाच इतकी वर्षं…" वाक्य तिथेच सोडून त्यांनी माझ्या हातात बटाटेवडा दिला. त्यांच्या यजमानांनी कार पार्कमधल्या अडचणींबद्दल दहा मिनिटं सांगितलं. मूळचे कुठले, हा प्रश्न त्या संध्याकाळी कुणीच कुणाला विचारला नाही.

गुरूने मला मिठी मारली. "घाबरलो होतो मी," तो म्हणाला. "वाटलं, शब्द येऊन गेला आणि मलाच ऐकू आला नाही. म्हातारा झालोय." त्याच्या खांद्याला घामाचा आणि लेझर सेंटरच्या फिनेलचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदा परक्या भाषेतल्या माइकवरून आपल्या लोकांचं नाव ऐकलं, असं तो मुलीला सांगत होता आणि दोघं हसत होते. मी हसण्याचा प्रयत्न केला. गाडीत बायको म्हणाली, "अहो, काही होणार नाही. शिकलेली माणसं आहेत." मी हो म्हणालो. दोघांनाही रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी सकाळी बायको लवकर उठून मोदकांना बसली. विसर्जनाच्या नैवेद्याचे मोदक दर वर्षी आमच्याकडचे. तिच्या मोदकाच्या कळ्या मंडळात प्रसिद्ध आहेत, बायका फोटो काढतात. पहिला घाणा वाफेवर चढवला होता तेव्हा माझा फोन वाजला. सेक्रेटरीबाईंचा मेसेज होता. काल वहिनींची फार धावपळ झाली असेल, आज नैवेद्याचं आम्ही बघतो, त्यांना म्हणावं छान आराम करा.

मी फोन बायकोसमोर धरला. तिने ओल्या हातांनीच वाचला. गॅस बंद केला. मग हात पुसले, एकेक बोट पुसलं, आणि वर गेली. बेडरूमचं दार लागल्याचा आवाज आला.

मुलगी मानेला बर्फाची पिशवी लावून खाली आली. माझ्या खांद्यावरून तिने फोन वाचला, मराठी अक्षरं वाचताना ओठ हलवते तशी ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिचा चेहरा उजळला.

"ओ, दॅट्स सो नाईस ऑफ देम! आईला रेस्ट मिळणार."

स्टेजवर वाटली नव्हती इतकी भीती मला त्या क्षणी वाटली. जुन्या फोटोतला कोपऱ्यातला नाव नसलेला मुलगा तिला बरोबर दिसतो. भिंतीवरची सावली तिला दिसते. आणि या दोन ओळींत तिला काहीच दिसलं नव्हतं. इतकी वर्षं मी काय सांभाळत होतो ते मला तिथे, त्या वाफेच्या वासात, कळलं. आडनावाचं मला काय पडलं होतं? हा असला मेसेज वाचता न येणारी मुलगी मी सांभाळली होती.

"बघ," ती म्हणाली, "तू उगाच घाबरत होतास."

मला हो म्हणता आलं असतं. हो, चांगली माणसं आहेत, एवढं वाक्य तोंडात तयार होतं, आणि ती बर्फ घेऊन वर गेली असती. पण वर तिची आई दार लावून बसली होती आणि दुपारी विसर्जनाला आम्ही तिघं जाणार होतो. तिथे प्रसादाचं ताट हातात घेऊन ती एकेकासमोर गेली असती. तेव्हा कुणीतरी तिला कळवलंच असतं, आणि मी तिथे शेजारी उभा असतो. मी मोदकपात्राचं झाकण काढलं. एक मोदक बशीत घेऊन तिच्यासमोर ठेवला, खुर्ची ओढली आणि फोन आमच्या मधे ठेवला.

"बस जरा," मी म्हणालो. "हा मेसेज आपण दोघं परत वाचू."

ती हसतहसत बसली.